मेस्त्रींचे थोरले

श्वासाच्या बाबतीत आमच्या मेस्त्रींइतका चिक्कू माणूस मी जन्मात पाहिला नाही. बाकी सगळ्यात हात सढळ. आपल्या ताटातला रस्सा दुसऱ्याला वाढतील, नवा शर्ट आधी तुम्हाला घालून बघायला देतील, सुट्टीवर निघालेल्या अनोळखी माणसाची पेटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन जिना उतरतील. पण फुंकर म्हणून कुणासाठी मारायचे नाहीत. चहा कितीही कढत असो, मेस्त्री कपाकडे बघत बसून राहायचे. स्टो पेटवला की काडी आपणहून विझेपर्यंत चिमटीत धरायचे, मग बोट भाजो की काही होवो. एकदा माझ्या डोळ्यात वाळू गेली. दोह्यात त्यासाठी वादळच यावं लागतं असं नाही. मी कळवळून म्हणालो, "मेस्त्री, जरा फुंकर मारा हो!" तर हे ओला रुमाल घेऊन आले, तांब्याभर पाणी आणलं, माझं डोकं मांडीवर घेऊन आईच्या मायेने डोळा धुतला, पण फुंकर नाही ती नाहीच. वर म्हणाले, "राग मानू नका भाऊसाहेब. ती थोरल्यांची हाय."

थोरले म्हणजे कुणी माणूस नव्हे. थोरले म्हणजे ट्यूबा. लग्नाचा बँड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वाद्य नावाने नसलं तरी रूपाने ठाऊक असेल. सगळ्यात मागे, सगळ्यात धिप्पाड गड्याच्या पोटावर टेकलेला पितळेचा अवाढव्य कर्णा. त्याच्या तोंडात दोन वर्षांचं पोर सहज मावेल, आणि एवढा देह असूनही अख्ख्या वरातीत 'पूं... पूं' याच्यापुढे तो काही बोलत नाही; चाल वाजवतो तो पुढचा, छोटा कर्णा म्हणजे कॉर्नेट घेतलेला गडी. मेस्त्रींच्या खेड्यात, मिरजेपासून तासाभराच्या वाटेवर, त्यांच्या चुलत्यांचा बँड होता. त्यात मेस्त्री वयाच्या पंधराव्या वर्षापासून हे 'पूं पूं' करत आले होते. बँडमध्ये या वाद्याला अहोजाहो करायची पद्धत चुलत्यांनीच घातली होती, कारण ते खांद्यावरून खाली पडलं की दुरुस्तीला माणूस मिळत नसे आणि आदर दाखवला म्हणजे पोरं सांभाळून धरतात, असा त्यांचा अनुभव. दिवसा पाइप फिटिंग, लग्नसराईत थोरले, असं वीस वर्षं चाललं. मग मेस्त्री कतारला आले आणि अल मुंतझातल्या एका जुन्या व्हिलाच्या मागच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर राहू लागले. मी एका कंपनीच्या ऑफिसात कारकून. तिसऱ्या खाटेवर राजापूरचे चाचा, सूकजवळच्या, म्हणजे जुन्या बाजाराजवळच्या, एका दुकानात हिशेब आणि गिऱ्हाइकं दोन्ही सांभाळणारे, पन्नाशीचे आणि तोंडाने अत्यंत फटकळ.

आल्यावर पहिली दोन वर्षं मेस्त्री थोरल्यांशिवाय होते आणि तोवर ते अगदी आपल्यासारखेच होते, असं चाचा पुढे म्हणत. चहावर फुंकर घालत, गावाहून आलेली कांदा-लसणीची चटणी भाकरीवर थापून खात, शुक्रवारी दुपारी तंगड्या पसरून घोरत. मग त्यांच्या साइटवर एक गोरा इंजिनिअर आला. तो तरुणपणी आपल्या गावच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा आणि वेळ घालवायला वाद्य बरोबर घेऊन आला होता. एका शुक्रवारी त्याने पाइपांच्या ढिगावर बसून एक संथ चाल वाजवली. पूं पूं नव्हे, सबंध चाल, वरच्या सुरांसकट. मेस्त्री ऐकत उभे राहिले ते हातातला पाना खाली ठेवायचं विसरले. त्या संध्याकाळी खोलीवर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, गावाहून काहीतरी वाईट कळलं असावं. बूट काढता काढता म्हणाले, "भाऊसाहेब, वीस वर्सं मी निस्तं जोतं बांधत हुतो. वरलं घर कारनेटवाल्यानं बांदायचं. थोरल्यांना सोताला गाता येतंय, हे मला कुनी सांगितलंच न्हाई." आणि मग खाटेवर बसून त्यांनी दुसरी बातमी दिली. त्या गोऱ्याच्या मुलखात हे वाद्य युनिव्हर्सिटीत शिकवतात. तीन वर्षं. वरती डिग्री देतात.

"भोंग्याची डिग्री?" चाचा म्हणाले. "मग आपल्या पोरांनी शाळेत जाऊन काय गुन्हा केला?"

पण मेस्त्री ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. इंजिनिअर कतार सोडून परत निघाला तेव्हा मेस्त्रींची ती असोशी बघून त्याने वाद्य त्यांच्या हवाली केलं, पोचे आणि कुलपाचा मोडका पेटारा यांसकट. पोचे मेस्त्रींनी साइटवर बसून लाकडी हातोडीने एकेक करून काढले, गळणारे सांधे झाळून घेतले आणि सबंध नळी दोरीने मोजून आम्हाला सांगितलं, "अठरा फूट. आपल्या व्हिलाच्या टाकीपासनं मोरीपर्यंत जेवडा पाइप लागतोय तेवडा." तेव्हापासून आमच्या खोलीत चार रहिवासी झाले, आणि त्यातल्या एकालाच स्वतःची चादर, स्वतःचं तेल आणि कूलरसमोरची जागा होती. थोरल्यांना उकाडा सोसत नसे. आम्हाला सोसे, असा मेस्त्रींचा समज होता.

यानंतर त्यांनी जे एकेक सोडायला सुरुवात केली त्याला तोड नाही. विडी सोडली, हे ठीक. पण तिखट सोडलं! मिरजेकडच्या माणसाने तिखट सोडणं म्हणजे काय असतं हे त्या बाजूच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. ओठ चुरचुरले की सूर फाटतो म्हणे. मेस्त्रींची बायको, आमच्या वहिनी, गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर चटणीचा डबा पाठवायच्या. मेस्त्री तो उघडायचे, डोळे मिटून एक खोल वास घ्यायचे आणि डबा आमच्याकडे सरकवायचे. आम्ही घाम पुसत ती चटणी खायचो आणि हे समोर बसून दहीभात कालवायचे. पत्रात मात्र दर वेळी 'चटणी झकास' असं लिहायचे. आयुष्यभरात ते तेवढंच एक खोटं बोलले असतील.

सरावाचा प्रश्न अवघड होता. खोलीत पहिला सूर लावला तेव्हा मांडणीवरच्या कपबश्या चालायला लागल्या. म्हणून शुक्रवारी सकाळी मेस्त्री थोरल्यांना पिकअपमध्ये घालून साइटवर न्यायचे. तिथे गटारासाठी आणलेले माणूसभर उंचीचे सिमेंटचे पाइप ओळीने पडले होते. एका तोंडातून आत शिरायचं, वाजवत वाजवत दुसऱ्या तोंडातून बाहेर, असा त्यांचा रियाज. पहिल्या दिवशी साइटचा पठाण वॉचमन धावत सुटला. त्याला वाटलं, बंदरातलं जहाज चालत चालत इकडे आलं. नोटेशनची मात्र मला धास्ती होती, कारण बँडमध्ये सगळं कानावर शिकतात. मी पुस्तक मागवून दिलं. मेस्त्रींनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "पाच लाइनी टाकल्यात. ह्या काळ्या गोळ्या म्हंजी व्हॉल्व. कंच्या लाइनीवर कवा उघडायचा येवडंच हाय की." पाइपांचे नकाशे वाचणाऱ्या या माणसाने तीन आठवड्यांत ते पुस्तक संपवलं. मला आजही पहिल्या पानाच्या पुढे काही कळत नाही.

अर्ज मी ऑफिसच्या टाइपरायटरवर केला. युनिव्हर्सिटीने मोठ्या वयाच्या उमेदवारांना परीक्षेच्या मार्कांची अट ढिली केली होती, पण वादनाची कॅसेट पाठवायला हवी होती. ती पसंत पडली तरच प्रवेश. अर्जात एक रकाना होता, वादनाचा अनुभव. मी टाइप केलं, 'मिरवणुकीच्या संगीताचा वीस वर्षांचा अनुभव'. पुढचा रकाना, एकट्याने केलेले कार्यक्रम. मेस्त्री विचारात पडले. मग म्हणाले, "एकदा जतला कारनेटवाला उनानं चक्कर येऊन पडला. मग बाकीचे बी थांबले. मी एकलाच देवळापातूर वाजवत गेलो. लिवा की." मी विचारलं, लोकांना आवडलं का? "नवरदेवाची घोडी हुबी ऱ्हायली," मेस्त्री म्हणाले. ती आवडून उभी राहिली की कशाने, ते मी टाइप केलं नाही. वय मात्र दोन वर्षांनी कमी करू का, असं मी सुचवल्यावर त्यांनी मान हलवली. "खरं लिवा. अडतीस. थोरल्यांपुढं खोटं कशापायी?"

आता कॅसेट. चाचांच्या दुकानातून टेपरेकॉर्डर आणला आणि एका शुक्रवारी दुपारी, थंडीचे दिवस होते, आम्ही तिघे गच्चीवर गेलो. टेप मधोमध स्टुलावर ठेवला, मी बटण दाबलं, मेस्त्रींनी थोरल्यांना उचलून घेतलं आणि ते चालायला लागले. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, कठड्याच्या कडेकडेने, मोजून पावलं टाकत. वीस वर्षं या माणसाने एकदाही उभं राहून किंवा बसून वाजवलेलं नव्हतं. बँडवाला वाजवतो तो चालताना, आणि पाऊल थांबलं की वाद्य थांबतं, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. टेप ऐकला तेव्हा स्टुलाजवळ आले की सूर घुमायचा, टाकीमागे गेले की कुठल्या तरी लांबच्या गल्लीतून यायचा, पुन्हा जवळ, पुन्हा लांब. चाचा हसून हसून जमिनीवर बसले. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मेस्त्री आमच्याकडे बघून कसनुसं हसले आणि रुमालाने थोरल्यांचं तोंड पुसत राहिले.

मग मी शहाणपणा केला. शिकलेल्या माणसाला तो करावाच लागतो. मी म्हणालो, युनिव्हर्सिटीत असं चालत नाही, तिथे खुर्चीवर बसून वाजवतात. खुर्ची आणली. मेस्त्री बसले, पण सूर लागला की पाय आपोआप उचलत आणि खुर्ची सरके. शेवटी चाचा पुढ्यात बसले आणि मेस्त्रींचे दोन्ही घोटे त्यांनी हाताने घट्ट धरून ठेवले. सात वेळा टेप केला. सातव्या खेपेला एकही चूक नव्हती. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, स्वच्छ, इस्त्री केल्यासारखा. "खलास!" चाचा म्हणाले आणि पाय मोकळे केले. मी स्वतःवर भलताच खूष होऊन ती कॅसेट रजिस्टर्ड पोस्टाने धाडली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं ते माझ्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर. नकार होता. सभ्य होता, पण त्यात एक वाक्य होतं की वादनात चूक काढण्यासारखं काही नाही, फक्त वाजवणारा माणूस आम्हाला कुठे ऐकू आला नाही. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या माणसाला त्याच्या घोट्यांना धरून कॅसेटमधून बाहेर काढलं होतं कुणी? मीच. मेस्त्री संध्याकाळी कामावरून आले, दारातच त्यांनी माझ्या हातातलं पाकीट ओळखलं. इंग्रजी त्यांना साइटपुरतं यायचं, पत्रापुरतं नाही. मी म्हणालो, "मेस्त्री, यंदाच्या सीटा भरल्या म्हणून कळवलंय."

"मग पुढल्या वर्साला रिकाम्या हुतीलच की," मेस्त्री म्हणाले, आणि हात धुऊन भात टाकायला लागले.

मला वाटलं होतं, प्रकरण संपेल. उलट हा माणूस दुप्पट जोमाने लागला. खुर्ची! चाचांनी दुकानातली एक मोडकी खुर्ची दिली होती ती पाइपच्या आत नेऊन, स्वतःचे घोटे स्वतःच सुतळीने बांधून ते रियाज करू लागले. सीट मिळाली तर बसता आलं पाहिजे ना! मी एकदा त्यांना हाक मारायला साइटवर गेलो आणि पाइपच्या तोंडातून आत पाहिलं. अंधारात हा चाळिशीला टेकलेला माणूस पाय बांधून बसला होता आणि एकच ओळ परत परत, बिनचूक आणि बेचव, वाजवत होता. मी तसाच मागे फिरलो. त्या रात्रीपासून मला जेवण गोड लागेना. असे दोन आठवडे गेले. शेवटी एका शुक्रवारी दुपारच्या जेवणावर, चाचांसमोर, मी ते पत्र काढलं आणि शब्दन् शब्द मराठीत सांगितला. सीटा भरल्या नव्हत्या, मी खोटं बोललो होतो, हेही सांगितलं. मेस्त्रींनी ताटातला भात कडेला सारला. मला त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"बराबर हाय त्यांचं," ते म्हणाले. "त्या टेपमदी मी न्हवतोच. चाचाच हुते." आणि हसायला लागले. त्यांना खो खो हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. एवढा श्वास त्यांनी आजवर कुणावर खर्च केला नव्हता. चाचा मात्र हसले नाहीत. ते उठून हात धुऊन आले आणि माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलास? टेप घे. यल्ला, वर चल."

युक्ती चाचांची, अंमलबजावणी माझी. टेप स्टुलावर ठेवायचाच नाही. मेस्त्री चालणार, तर टेपही चालला पाहिजे. मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि मेस्त्रींच्या डाव्या अंगाला, त्यांच्या पावलात पाऊल टाकून चालू लागलो. चाचा अनवाणी पुढे चालत वाटेतले कपडे बाजूला धरत होते. आधी युनिव्हर्सिटीने सांगितलेला तुकडा झाला. मग आपल्या आवडीचं काहीतरी वाजवायचं होतं, तेव्हा मेस्त्रींनी नवरी सासरी निघते तेव्हाची चाल धरली. वीस वर्षं ती कॉर्नेटवाला वाजवायचा आणि हे खालून दोन सूर पुरवायचे. आता ती सबंध थोरल्यांच्या गळ्यातून आली, इतकी खोलवरून, की मला माझ्या बहिणीचं लग्न आठवलं आणि त्या दिवशी मी मंडपामागे जाऊन उभा राहिलो होतो तेही आठवलं. मी आयुष्यात कुठल्या वरातीत नाचलेलो नाही. लोक ओढायचे, मी हात सोडवून घ्यायचो. त्या दुपारी मात्र अल मुंतझातल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीभोवती, एका पाइप फिटरच्या बाजूने मी नऊ फेऱ्या मारल्या आणि माझं पाऊल एकदाही चुकलं नाही. टेपमध्ये सुरांच्या मागे दोन जोडी चपला सारख्या वाजत होत्या. त्या पुसून काढायला नकोत, एवढी अक्कल मला तोवर आली होती. पुढल्या वर्षाच्या अर्जाबरोबर ही कॅसेट धाडली आणि सोबत पत्र लिहिलं, त्यात सगळं खरं सांगितलं, घोट्यांसकट.

या वेळी पाकीट जाडजूड आलं. प्रवेश मिळाला होता. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन धावत साइटवर गेलो, ओरडतच सांगितलं. मेस्त्रींनी पान्याने एक नट पुरता आवळला, हात पुसले, "बरं," म्हणाले, आणि पुढचे आठ दिवस त्यांनी थोरल्यांना हात लावला नाही. कपबश्या निवांत झाल्या. मी घाबरलो. शेवटी चाचांनीच विचारलं, "काय झालंय रे तुला?"

"भ्या वाटतंय चाचा," मेस्त्री म्हणाले. "हितं मी एकटाच थोरले वाजवतोय, म्हनून लई भारी. तितं समदेच वाजवनारे. तितं जाऊन मी काईच न्हाई असं निगालं तर? मग परत येऊन काय करू? हितं निदान मला त्याची आस तरी हाय." फीची सोय त्यांनी ओव्हरटाइम करकरून केव्हाच लावून ठेवली होती, व्हिसा आणि कागदपत्रं झाली असती, अडलं होतं ते एवढ्यावरच. उत्तर गावाहून आलं. वहिनींना अक्षर लिहिता येत नसे, त्या मुलीकडून लिहवून घ्यायच्या. पत्रात लिहिलं होतं, 'तुम्ही चटणी खात नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. येणारे-जाणारे सांगतात. एवढं सोडलंत ते काय घरी बसण्यासाठी? जाऊन या.' मेस्त्रींनी ते दोनदा वाचलं, मग माझ्याकडे दिलं आणि त्याच संध्याकाळी पेटाऱ्याला नवीन कुलूप बसवलं.

विमानतळावर आम्ही दोघे सोडायला गेलो होतो. पेटारा आत गेल्यावर चाचांनी मेस्त्रींना मिठी मारली आणि "इन्शाल्ला" एवढंच म्हणून ते गाडीकडे निघून गेले. फटकळ माणसाला रडू आलं की तो असाच निघून जातो.

त्यानंतर सहा महिने काही कळलं नाही. मग पत्र आलं, पेन्सिलीने लिहिलेलं, मोठ्या मोठ्या अक्षरांत. तिथे थंडी फार आहे, सकाळी थोरल्यांना आधी कुशीत घेऊन ऊब द्यावी लागते, शिकवणारे मास्तर मेस्त्रींपेक्षा चार वर्षांनी लहान आहेत आणि त्यांना 'सर' म्हटलं की लाजतात, वगैरे. शेवटी लिहिलं होतं: 'भाऊसाहेब, वर्गात सगळ्यात मागं मी हाय. पोरं माझ्या निम्म्या वयाची आणि माझ्या दुप्पट वाजवत्यात. मास्तर म्हनले, मेहनत घेतली तर पास होशील, त्याहून जास्ती धरू नको. ज्याचं भ्या हुतं तेच निगालं. पन वर्गात हाय.'

चाचांनी मला ते शेवटचं परत वाचायला लावलं. मी वाचलं. मग आम्ही दोघे जेवायला बसलो, आणि जेवण होईपर्यंत चाचा मधूनच मान हलवून स्वतःशी म्हणत होते, "वर्गात आहे." मी शाळेपासून आजवरच्या सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो, नोकरीत वेळेवर बढत्या घेतल्या, आता पेन्शन खातो आहे. ज्या वर्गात मी शेवटचा ठरेन अशा वर्गाच्या दारापर्यंतही मी कधी गेलो नाही. मेस्त्रींची आठवण आली की त्याची रुखरुख लागते, आणि या वयात ती लागून काही उपयोग नाही, हेही कळतं.